आचाऱ्याची पावलं

माझ्या मोठ्या जाऊबाईंनी एकतीस वर्षं जमिनी मोजल्या. भूमापन कचेरीत त्या लागल्या तेव्हा तिथे बायका दोनच होत्या, एक त्या आणि दुसरी भिंतीवरच्या कॅलेंडरमधली, असं त्या स्वतःच सांगतात. बाईमाणसाला मोजणीची साखळी कशी ओढवेल म्हणून पहिलं वर्ष त्यांना जुन्या नकाशांवर शाई फिरवायला बसवलं. मग एकदा दोन भावांच्या हद्दीच्या भांडणात दोन मोजणीदारांचे दोन आकडे आले. कचेरीत हमरीतुमरी चालू असताना जाऊबाई कोपऱ्यातून म्हणाल्या, "माणसांचं राहू द्या. आधी दोन्ही साखळ्या शेजारी शेजारी पसरून बघा." पसरल्या, तर एक साखळी वीतभर लांब निघाली. वर्षानुवर्षं ओढून तिचे दुवे ताणले गेले होते. दुसऱ्या दिवसापासून जाऊबाई बाहेर पडल्या, त्या निवृत्त होईपर्यंत खुर्चीवर फारशा टेकल्याच नाहीत.

त्यांचे यजमान, म्हणजे माझे भावजी, शिंपी. आम्ही सगळे एकाच घरात राहतो. खाली दुकान, वर आम्ही. घरात दोन टेप, पण एकमत नाही. भावजी इंचात बोलतात, जाऊबाई मीटरमध्ये. स्वयंपाकघरात फळी ठोकायची झाली की दोघं एकमेकांचं माप खोडून काढतात, आणि फळी शेवटी सुतार ठोकून जातो.

जाऊबाईंना निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. एके दिवशी दुपारी अडुसष्ट वर्षांच्या एक बाई कोट आटवायला दुकानात आल्या. भावजी माप घेत होते, मी काजं करत होते, आणि जाऊबाई आतल्या दारात चष्मा कपाळावर चढवून वर्तमानपत्र वाचत होत्या.

"कंबर बरीच उतरलीय तुमची," भावजी म्हणाले. "तब्येत बरी आहे ना?"

एवढं निमित्त झालं. बाई माप देता देता रडायलाच लागल्या. मी पाणी दिलं. मग हळूहळू सगळं बाहेर आलं.

त्यांचे वडील पलटणीत आचारी होते. साठ वर्षांपूर्वीच्या लढाईत त्यांची तुकडी मागे हटत असताना एका शेतात गोळे पडले आणि सात जण जागच्या जागी गेले. बाकीची तुकडी पुढे निघून गेली. आचारी मागे राहिला. त्यानं सातही जणांना एकट्यानं मातीआड केलं आणि तीन दिवस चालून पलटण गाठली. लढाई संपल्यावर त्यानं सरकारला पत्र लिहिलं, जागा सांगितली. कुणी दखल घेतली नाही. पुढे दर वर्षी लिहीत राहिला, मरेपर्यंत. दोन वर्षांपूर्वी हरवलेल्या सैनिकांचे अवशेष शोधणारं पथक नेमलं गेलं, तेव्हा कुणाच्या तरी हाताला ते पत्र लागलं.

"तीनदा खणलं हो त्यांनी," बाई म्हणाल्या. "विहीर सापडली, शेत सापडलं, पण माणूस एकही नाही. आता फाइल बंद करणार म्हणतात. आणि लोक काय म्हणतात माहितीय? आचारी कशाला थांबेल पुरायला, सगळ्यात आधी तोच पळाला असेल. बाबांना जाऊन बावीस वर्षं झाली. आता मेल्यावर खोटे ठरले."

जाऊबाईंनी चष्मा नाकावर घेतला. "पत्र आहे?"

पत्राची नक्कल बाईंच्या पिशवीतच होती. हजारदा उघडझाप करून घड्या फाटायला आल्या होत्या. जाऊबाईंनी ती कापायच्या टेबलावर पसरली आणि बोट ठेवून मोठ्यानं वाचली: "विहिरीच्या काठापासून उगवतीकडे एकेकाला घेऊन एकशे वीस पावलं गेलो. तिथे माती मऊ होती. सातही जणांना एका ओळीत ठेवलं. खूण म्हणून दगड रचायला वेळ मिळाला नाही."

"उगवती म्हणजे पूर्व धरली का त्यांनी?"

"नाही. पथकाचे साहेब म्हणाले, लढाई थंडीतली, थंडीत सूर्य जरा दक्षिणेकडे सरकून उगवतो, तेही धरलंय. हुशार आहेत ते."

"मग पावलं कुणाची धरली?"

"म्हणजे?"

"एकशे वीस पावलं. कुणाची?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी भावजींकडे. जाऊबाईंनी पथकाचा फोन नंबर मागून घेतला आणि तिथल्या तिथे लावला. पथकाचे साहेब पलीकडून शांतपणे म्हणाले की त्यांनी कवायतीचं पाऊल धरलं, पंच्याहत्तर सेंटिमीटर, म्हणजे एकूण नव्वद मीटर. मागेपुढे दहा-दहा मीटरपर्यंतही खणलं.

"इथेच तर घोडं पेंड खातंय," फोन ठेवत जाऊबाई म्हणाल्या. "आचारी कवायत करत होता का? ताई, तुमचे बाबा उंचीनं केवढे?"

"बुटके. आई चिडवायची, तुम्हाला पातेल्यात डोकवायला स्टूल लागतं म्हणून." बाई रडता रडता हसल्या. "त्यांची पलटणीतली विजार आहे माझ्याकडे, ट्रंकेत."

"उद्या घेऊन या."

बाई गेल्यावर भावजी म्हणाले, "निवृत्त झालीस ना? मग या लष्कराच्या भाकऱ्या कशाला भाजायच्या?"

"लष्कराच्या भाकऱ्या त्या माणसानं भाजल्या," जाऊबाई म्हणाल्या, "आणि वर सात माणसं खांद्यावर नेली. मला फक्त टेप धरायचाय."

दुसऱ्या दिवशी विजार आली. मग मात्र भावजींना राहवलं नाही. त्यांनी ती टेबलावर अंथरली, उलटी केली, शिवणीवरून अंगठा फिरवला. कपडा बोलतो, असं ते नेहमी म्हणतात आणि आम्ही हसतो. त्या दिवशी कुणी हसलं नाही.

"आतली शिवण सत्तावीस इंच," ते म्हणाले. "विजार मोठी मिळाली होती, स्वतःच्या हातानं आखूड केलीय. टाके बघा, पोतं शिवल्यासारखे. उंची पाच फूट दोन इंच, फार तर. आणि दोन्ही पायांची कड सारखी झिजलीय, म्हणजे लंगडत नव्हता. सरळ चालणारा माणूस."

जाऊबाईंनी वहीत लिहून घेतलं. मग पत्रातल्या एका शब्दाखाली पेन्सिलनं रेघ मारली आणि कागद माझ्याकडे सरकवला. शब्द होता 'घेऊन'.

"खरेदीखत वाचताना आम्ही आधी क्रियापदं बघतो," त्या म्हणाल्या. "देऊन, ठेवून, वगळून. सगळी फसवणूक आणि सगळा खरेपणा तिथेच असतो. इथे माणूस 'गेलो' म्हणत नाही, 'घेऊन गेलो' म्हणतो. पाठीवर माणूस असला की पाऊल निम्म्यावर येतं. सगळ्यांनी पावलं मोजली, ओझं कुणी मोजलं नाही."

पुढच्या आठवड्यात आम्ही त्या शेतावर गेलो. जाऊबाई, मी आणि आचाऱ्याची लेक. बसनं दोन तास, मग अर्धा तास चालत. विहीर होती, तिच्या एका अंगाला मोकळं शेत, दुसऱ्या अंगाला लाकडाची वखार. वखारीच्या पलीकडे पथकानं खणून बुजवलेले चर दिसत होते. पथकाचे साहेब स्वतः आले होते. पस्तिशीचे, उंचेपुरे, चेहऱ्यावर झोप कमी झाल्याच्या खुणा. वागायला नम्र, पण जाऊबाईंचं म्हणणं पटलं नव्हतं, हे लपत नव्हतं.

"बाई, ओझ्यानं पाऊल कमी होतं हे मान्य. पण किती कमी, हे साठ वर्षांनी कसं सांगणार?"

"सांगायचं कशाला? मोजूया." जाऊबाईंनी वखारीकडे पाहिलं. तिथला एक हमाल ओंडक्यावर बसून आमची गंमत बघत होता. अंगानं बुटका, खांदे रुंद. सगळे त्याला गट्टू म्हणत. "काय हो, उंची किती तुमची?"

"कधी मोजली नाही."

जाऊबाईंनी उभ्या उभ्या मोजली. पाच फूट दोन इंच. पाय मोजला, सत्तावीसला अर्धा इंच जास्त. त्या इतक्या खूश झाल्या की गट्टूच लाजला.

"आणि साहेब, तुमचं वजन?"

"बहात्तर किलो. का?"

"तुम्ही मेलात असं समजा," जाऊबाई म्हणाल्या. "यांच्या खांद्यावर अंग सोडून पडायचं. सावरायचं नाही, मदत करायची नाही. मेलेला माणूस मदत करत नाही."

पथकातली माणसं तोंड फिरवून हसू दाबायला लागली. साहेबांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, टोपी काढून माझ्या हातात दिली आणि मुकाट्यानं गट्टूच्या खांद्यावर ओणवे झाले. विहिरीपलीकडच्या मोकळ्या शेतात, तशाच चढावर, तशाच ढेकळांतून गट्टू चालायला लागला. जाऊबाई शेजारून मोठ्यानं मोजत होत्या. एकशे वीसला "थांबा" म्हणाल्या. मी टेपचं टोक धरलं होतं. सहासष्ट मीटर.

"पुन्हा."

दुसऱ्या खेपेला बासष्ट. तिसऱ्याला साठ. चौथ्या खेपेआधी गट्टू बसला, घटाघट पाणी प्यायला, शर्टानं तोंड पुसलं. रोज ओंडके वाहणारा माणूस, पण माणसाचं ओझं वेगळं असतं म्हणाला; ते घसरतं, हलतं, धरवत नाही. साहेब जमिनीवर बसून होते. त्यांचा चेहरा बदलला होता.

"त्यानं हे सात वेळा केलं?" ते हळूच म्हणाले.

"सात वेळा," जाऊबाई म्हणाल्या. "खड्डा वेगळा."

आचाऱ्याची लेक बांधावर बसली होती. तिनं पिशवीतून दुसरी बाटली काढून गट्टूला दिली.

सातही खेपा झाल्या. शेवटची सत्तावन्न भरली. वहीत सगळे आकडे एकाखाली एक लिहून जाऊबाई म्हणाल्या, "सत्तावन्न ते सहासष्ट. याच्या बाहेर ते नाहीत. तुम्ही ऐंशीच्या पुढे खणत होता."

साहेबांनी होकायंत्र लावलं, ठरलेल्या दिशेनं दोरी ताणली. साठ मीटरची खुंटी वखारीच्या आवारात गेली, थेट ओंडक्यांच्या मोठ्या राशीवर.

वखारवाला भडकला. "माझ्या वडिलांनी लढाईनंतर लगेच ही वखार टाकली. तेव्हापासून इथे कधी काही निघालं नाही!"

"वडिलांनी जमीन खणली होती?" जाऊबाईंनी विचारलं.

"खणायची कशाला? ओंडके टाकले."

"मग निघेल कसं?"

जाऊबाई मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "अहो, उलट तुमच्या ओंडक्यांचे उपकारच म्हणायचे. शेत राहिलं असतं तर साठ वर्षं नांगर फिरला असता. वरची माती जशीच्या तशी राहिलीय ती तुमच्यामुळे." त्यावर तो जरा वरमला. ओंडके हलवायला दोन दिवस लागतील म्हणाला, आणि दीड दिवसात हलवून दिले.

खणायला सुरुवात झाली तेव्हा आम्ही तिघी पुन्हा हजर होतो. पहिला दिवस कोरडा गेला. साठ ते सहासष्टच्या पट्ट्यात हळूहळू, थर काढत गेले. पिवळी घट्ट माती, तिच्याखाली मुरूम, बाकी काही नाही. संध्याकाळी आचाऱ्याच्या लेकीनं माझा हात धरला तो सोडेचना. साहेब म्हणाले, "बाई, उद्याचा एक दिवस. त्यापुढे वरून परवानगी नाही."

दुसरं कुणी असतं तर चेहरा पडला असता. जाऊबाई विहिरीकडे गेल्या आणि कठड्यावरून आत वाकून बघत राहिल्या. इतका वेळ, की मला वाटलं आता तोल जाणार. मग त्यांनी हाक मारली. "साहेब, इकडे या. आत बघा. खालचं बांधकाम दगडाचं, वरचं विटांचं. हा ओटा नवा आहे. तीन-साडेतीन मीटर बाहेर वाढवलाय. आपण नव्या काठापासून मोजतोय आणि पत्र जुन्या काठाचं आहे."

साहेब वाकले. दगडाची जुनी कड विटांच्या खाली स्पष्ट दिसत होती. ते स्वतःवरच चिडले. "चार वेळा आलो या विहिरीवर, आत एकदाही पाहिलं नाही."

"पाणी प्यायचं नसलं की कुणी बघत नाही," जाऊबाई म्हणाल्या.

सकाळी खुंटी साडेतीन मीटर विहिरीकडे सरकली. दहाच्या सुमारास खणणाऱ्यांपैकी एकानं फावडं बाजूला ठेवलं आणि गुडघ्यावर बसून हातानं माती सारली. पिवळ्या मातीत एक करडा पट्टा दिसत होता, कडा सरळ, जणू पट्टी लावून आखलेला. एकदा हललेली माती पुन्हा पहिल्यासारखी बसत नाही. मोजणीदार, खणणारे, दोघांनाही ते माहीत असतं. पुढचं सगळं काम कुंचल्यानं आणि चमच्यानं झालं.

आधी बुटाचा तळवा आला, खिळ्यांसकट. मग दुसरा. मग हाडं. साहेबांनी टोपी काढली, त्यांचं पाहून इतरांनी. आणि छातीच्या जागी, उपडी ठेवलेली, काळवंडलेली ॲल्युमिनियमची ताटली. उचलून उलटी केली तर आतल्या बाजूला खिळ्यानं ओरखडून लिहिलेलं नाव.

दगड रचायला वेळ नव्हता, पण आचाऱ्यानं प्रत्येकाच्या छातीवर ज्याची त्याची जेवायची ताटली ठेवली होती, नाव कोरून. रोज वाढणाऱ्याला कुणाची ताटली कुणाची हे विचारावं लागत नाही. पत्रात त्यानं याचा उल्लेखही केला नव्हता. त्यात काय सांगायचं, असं वाटलं असेल.

आचाऱ्याची लेक चराच्या कडेला बसली. साहेबांनी ताटली कापडावर ठेवून तिच्यासमोर धरली. तिनं हात लावला नाही, फक्त वाकून पाहिलं. अक्षरांची ओळ उजवीकडे जाता जाता वर चढत गेली होती.

"बाबांचं अक्षर," ती म्हणाली. "त्यांची ओळ अशीच वर चढायची. मास्तर मारायचे म्हणे त्यावरून."

"ताई," जाऊबाई तिच्या शेजारी बसत म्हणाल्या, "तुमचे बाबा बरोबर होते. पाऊल लहान होतं, एवढंच."

संध्याकाळपर्यंत सातही जण सापडले, खांद्याला खांदा लावून, एका ओळीत, डोकी एका दिशेला. वखारवाल्यानं दोन दिवस करवत बंद ठेवली. कुणी सांगितलं नव्हतं.

पाच ताटल्यांवरची नावं वाचता आली. पाच घरं शोधायला पथकाला आठ महिने लागले. सातही जणांना सैनिकांच्या दफनभूमीत पुन्हा ठेवलं, त्या दिवशी आम्ही सगळे गेलो. भावजींनी आचाऱ्याच्या लेकीचा कोट आदल्या दिवशी इस्त्री करून दिला. तिथे एका सैनिकाची बहीण आली होती, ऐंशीच्या पुढची, दोन नातवांच्या आधारानं. जाऊबाई कोण हे कळल्यावर तिनं त्यांना जवळ बोलावलं.

"माझा भाऊ ओळीत कितवा होता?"

"तिसरा," जाऊबाई म्हणाल्या.

"म्हणजे मधे होता." म्हातारीनं मान हलवली. "बरं झालं. त्याला कडेला झोपायला आवडायचं नाही."

जाऊबाई एकतीस वर्षं लोकांच्या हद्दींवर उभ्या राहिल्या, शिव्या खाल्ल्या, एकदा दगडही खाल्ला, पण डोळ्यांत पाणी मी त्यांच्या तेव्हाच पाहिलं. त्यांनी ते पुसलं नाही, लपवलंही नाही.

पथकाच्या फाइलवर आधी 'माहिती अविश्वसनीय' असा शेरा होता. साहेबांनी तो स्वतः खोडला आणि खाली लिहिलं, 'माहिती अचूक'. स्मारकाच्या दगडावर पाच नावांच्या आणि दोन 'अज्ञात' ओळींच्या खाली आठवी ओळ घालायला वरच्या लोकांनी बरीच खळखळ केली. आचारी त्या लढाईत पडलेला नव्हता, हा त्यांचा मुद्दा. साहेबांनी सहा पत्रं पाठवली. शेवटी ओळ आली: 'यांना मातीआड केलं पलटणीच्या आचाऱ्यानं'. लेकीनं तिच्यावर बोट फिरवून पाहिलं आणि ओळ सरळ असल्याची तक्रार केली. आम्ही सगळेच हसलो.

त्यानंतर पथकानं जाऊबाईंना आणखी दोन ठिकाणी नेलं. एका ठिकाणी त्यांचा अंदाज साफ चुकला. परत आल्यावर त्यांनी तीन दिवस वही तपासली, चूक शोधली, साहेबांना फोन करून सांगितली आणि जेवायला बसल्या. दुसऱ्या ठिकाणी दोन जण मिळाले.

सहाव्या ताटलीवरचं नाव गेल्या वर्षी प्रयोगशाळेत तिरप्या उजेडाखाली वाचता आलं. सातवी ताटली मात्र मातीनं पार खाल्लीय, तिच्यावर काही उरलेलं नाही. पण पलटणीच्या हजेरीपटावर त्या दिवसानंतर न सापडलेली चारच नावं शिल्लक राहतात. चारांपैकी तिघांची घरं सापडली, तिघांच्याही नातेवाइकांचे डीएनए नमुने जुळले नाहीत. चौथ्याचा एक पुतण्या आहे, आगगाडीनं सहा तासांवर, सायकली दुरुस्त करतो. फोन उचलत नाही. साहेब म्हणाले, पत्र पाठवू.

"पत्रांचं काय होतं ते पाहिलंय मी," जाऊबाई म्हणाल्या. गुरुवारची दोन तिकिटं त्यांनी काढलीत, एक माझं. भावजी जाऊबाईंच्या कोटाचं बटण घट्ट करतायत.